मिरच्यांनी हात पेटलेत? आधी नळ बंद करा

मे महिना लागला की आमच्या गोव्यात, डिचोलीत घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची गडबड, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरच्या आणा, उन्हात घाला, देठं मोडा. मागच्या वर्षी मी दोन किलो तशाच मोडल्या, तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि रात्री गरम पाण्याने आंघोळ केली तर बोटं अशी पेटली की बर्फाच्या टोपात हात घालून बसले, हात बाहेर काढला की परत सुरू!

तर पाण्याखाली हात धरून बसू नका. झोंबतं ते कॅप्सेसिन, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळतं. कोरड्या हातांना खोबरेल तेल चोळा, नखांच्या कडांना सुद्धा, कागदाने नीट पुसा आणि मग भांड्यांच्या लिक्विडने गार पाण्यात धुवा, असं दोनतीनदा. तेल लावून तसंच ठेवू नका हां, ते तेलच तिखट होतं आणि हात लागेल तिथे जातं.

गंमत म्हणजे हात भाजलेलाच नसतो. कातडीतल्या नसांच्या टोकांना टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे उष्णता टिपणारं प्रथिनाचं दार असतं, ते एरवी साधारण ४३ डिग्रीच्या वर उघडतं, कॅप्सेसिन त्यालाच चिकटतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजलं. वर तो रिसेप्टर हळवा होतो, मग कोमट पाणीही चटका देतं, माझ्या आंघोळीचं तेच झालं. हात लाल होतो कारण त्याच नसा तिथल्या तिथे सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. हा रिसेप्टर अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने १९९७ मध्ये मिरचीच्याच मागे लागून शोधला, २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे.

सासूबाई म्हणाल्या बाम लाव. नको. मेंथॉल गारव्याच्या दुसऱ्याच रिसेप्टरला हलवतं, कॅप्सेसिन जागचं हलत नाही, आणि बामात कापूर असला तर तो टीआरपीव्ही१ लाच डिवचतो.

डोळ्यात गेलं तर मात्र तेल अजिबात नाही, नुसत्या पाण्याने धूत राहा, आणि फोड आले किंवा डोळा उघडेना तर सरळ डॉक्टर. लेन्स लावत असाल तर मिरच्यांना हात लावायच्या आधीच काढून ठेवा, नंतर त्याच बोटांनी काढायला जाल तर मेलात.