पाणी जिथं जाईल, तिथं गॅस जाईल

मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतून फोन आला. "भाऊ, बोटीत गॅसचा वास येऊन राहिला." मला वाटलं कोणी मजाक करून राहिलं. इतवारीत माझं शेगडी दुरुस्तीचं दुकान. सावजी भोजनालयांच्या भट्ट्या, लग्नातल्या आचाऱ्यांच्या मोठ्या चुली, सगळं हाताखालून गेलं. पण बोटीशी ओळख लहानपणी अंबाझरी तलावात पाय मारत फिरवलेल्या बोटीपुरतीच.

जाऊन पाहिलं तर खरंच बोट. २२ फुटांची, लोखंडी पत्र्याची, एका हौशी माणसानं शेडमध्ये बांधून घेतलेली. मागच्या बाजूला ओटा, दोन बर्नरची शेगडी, बसायच्या बाकाखाली लोखंडी पेटी आणि तिच्यात ५ किलोचा सिलिंडर. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात एक चक्कर मारून ट्रेलरवरून परत आलेली. त्या दिवशी जे केलं, ते क्रमानं सांगतो. कोकणातल्या, केरळातल्या बोटवाल्यांनाही हेच लागू आहे, पाणी खारं असो की गोडं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात तो जमिनीवर पसरतो, दाराखालच्या फटीतून, मोरीतून थोडाफार बाहेर जातो. बोटीला खाली फट नसते, असली तर बोट बुडेल. म्हणजे बोटीचं पोट ही एक बादलीच, आणि सांडलेला गॅस बादलीच्या तळाशी बसतो. वरची खिडकी उघडून काही होत नाही. १ लिटर पातळ गॅसचा साधारण २५० लिटर वायू होतो, आणि हवेत तो जेमतेम २ टक्के झाला की एका ठिणगीचं काम उरतं. वासाचं म्हणाल तर नाकाला त्याची पाच मिनिटांत सवय होते. त्यात तळाला डिझेल आणि कुजक्या पाण्याचा वास असतो, म्हणजे नाक गेलंच.

म्हणून लीक शोधायच्या आधी पोट रिकामं करायचं. सगळ्यांना खाली उतरवलं, सिलिंडर बंद केला. मालकाचा पोट्टा लाईटच्या बटणाकडे हात नेत होता, त्याला ओरडलोच. बटण नाही, मोबाइल नाही, इंजिन नाही, आणि तळाचं पाणी उपसायचा बॅटरीवरचा पंप तर अजिबात नाही. तो आपोआप चालू होणारा असेल तर जास्तच भीती, कारण त्याला तुमची परवानगी लागत नाही. असा पंप असेल तर मुळात ठिणगी बाहेर न टाकणाऱ्या जातीचाच बसवून घ्यावा. सगळी झाकणं उघडली, तळाच्या फळ्या हलक्या हातानं काढल्या आणि हातपंपाची नळी तळाला टेकवून हापसत बसलो. पाणी नव्हतंच, नुसती हवा येत होती. पण तीच काढायची होती. हातपंप नसेल तर प्लास्टिकची बादली घ्या आणि पाणी उपसल्यासारखं उपसा. बघणाऱ्याला येडपट वाटतं, वाटू द्या.

मग सिलिंडर बाहेर काढून लांब उभा ठेवला आणि रिकाम्या पेटीत अर्धी बादली पाणी ओतलं. ही युक्ती कुठल्या वर्कशॉपात शिकलो नाही, तिथं उभ्या उभ्या सुचली. जड गॅस आणि पाणी दोघंही उताराचे. पेटीतलं पाणी सरळ बोटीबाहेर पडलं तर गॅसही बाहेर पडेल. इथं काय झालं? बांधणाऱ्यानं पेटीच्या बुडाला भोक ठेवलं होतं, पण ते उघडत होतं बोटीच्या पोटात. तांब्याची नळीही बुडाजवळूनच आत नेलेली. सगळं पाणी आत. म्हणजे सिलिंडरपाशी थोडंही गळलं तरी सगळं बादलीत.

पेटी कशी हवी ते सांगतो. फक्त वरून उघडणारी, बाकी सगळीकडून बंद. बुडातून निचऱ्याची नळी, सरळ उताराची, कुठंही पोट न सुटलेली, बोटीबाहेर पाण्याच्या वर उघडणारी. अर्ध्या इंचाच्या आत नको, मी पाऊण इंची टाकतो. खिडकीखाली किंवा इंजिनाच्या हवेच्या तोंडाजवळ ती उघडू नये. गॅसची नळी पेटीतून वरच्या बाजूनं काढायची आणि भोक रबरी ग्लँडनं, म्हणजे नळीभोवती घट्ट बसणाऱ्या कडीनं, बंद करायचं. पेटीत बॅटरी, तार, पाना, काही ठेवायचं नाही. बोटीत जागेची तंगी असते म्हणून लोक तिथंच बॅटरी कोंबतात.

आता लीक. शोधायचं माझं हत्यार पन्नास रुपयांचं नसेल: गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी. दोन फुटी फळीवर यू आकारात ठोकायची, अर्धी होईल इतकं पाणी भरायचं आणि पाण्यात चिमूटभर कुंकू. शेगडीच्या पाईपमध्ये पितळी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून यू नळीचं एक तोंड तिला जोडायचं, दुसरं उघडं. बर्नर बंद, रेग्युलेटर चालू. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३० सेंटिमीटरचा फरक, बर्नर बंद असताना जरा जास्तच. आता रेग्युलेटर बंद करा, पाच मिनिटं थांबा, लाल रेघेवर स्केचपेननं खूण करा आणि दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसा. रेघ केसभरही उतरायला नको. "थोडं तर चालते" असं इथं नसतं.

यात दोन गफलती होतात. पहिली आपल्या उन्हाची. अकरा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये मी मापायला बसलो तर पाणी उतरायच्या ऐवजी चढून राहिलं! नळीतला गॅस एक अंश तापला तरी पाणी तीन सेंटिमीटरपर्यंत हलू शकतं. लीक असूनही रेघ जागेवर दिसेल. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो आणि पंधरा मिनिटांत खरं काय ते दिसलं: १२ मिलिमीटर खाली. दुसरी गफलत रेग्युलेटरची. तो नीट बंद होत नसेल तर आतून गॅस येत राहतो आणि गळती झाकली जाते. म्हणून बर्नर क्षणभर उघडून दाब अर्ध्यावर आणायचा आणि बघायचं. रेघ आपोआप वर चढली तर रेग्युलेटर बदला, दुरुस्त करायला जाऊ नका.

शेगडीच्या अलीकडे एक कॉक असावाच. तो बंद करून मापलं तरी रेघ उतरते, म्हणजे दोष नळीत. उघडल्यावरच उतरते, म्हणजे शेगडीच्या नॉबमध्ये, तिथलं ग्रीस वाळलेलं असतं. इथं दोष नळीत होता.

मग साबण. भांड्याचा लिक्विड साबण एक चमचा, पाणी अर्धा ग्लास, दाढीचा जुना ब्रश. अमोनिया किंवा ब्लीच असलेला क्लीनर नको, पितळ खातो. रेग्युलेटर चालू करून एकेका जोडावर लावायचं आणि घाई करायची नाही. मोठी गळती फुगा काढते, ती कोणालाही दिसते. बारीक गळती दोन मिनिटांनी नटाच्या मागच्या कडेला पेजेवरच्या सायीसारखा पांढरा फेस जमवते. आरसा धरला तर दिसते, नाही तर राहून जाते. रेग्युलेटर आणि सिलिंडरचा जोडही असाच तपासा, कारण यू नळी त्याच्या पुढचंच सांगते. तिथं फेस आला तर बहुतेक व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग गेलेली असते. ती वितरकाच्या माणसाकडून बदलून घ्या, पिनेनं उकरू नका. रात्री-बेरात्री एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ नंबर आहे. आणि काडी पेटवून लीक बघणारे महाभाग अजूनही भेटतात. त्यांच्या भुवया कायले अर्ध्या आहेत, ते मी विचारत नाही.

आमचा फेस सापडला ओट्याखाली, जिथं तांब्याची नळी लोखंडी आडभिंतीतून जात होती. भोकाला रबर नव्हतं. ट्रेलरच्या हादऱ्यांनी आणि इंजिनाच्या थरथरीनं पत्र्याच्या धारेनं नळी घासली होती. नळीवर हाताचं बोट फिरवलं तर नखाला खाच लागायची. फिटरनं त्यावर आधीच एम-सील थापलेलं, म्हणजे त्याला माहीत होतं. राग आला, पण तो बिचारा तिथं नव्हता.

एम-सील, टेप, साबणाची वडी घासणं, हे काही दुरुस्ती नाही. नळीचा तेवढा तुकडा बदलावा लागतो. पाईप कटरनं सरळ कापा, हॅकसॉ नको, त्याचा कीस बर्नरच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतो. आतली कड साफ करा, नट आधी नळीत घाला (हे विसरत नाही असा मिस्त्री मी पाहिला नाही), मग फ्लेअर करा, म्हणजे नळीचं तोंड फुलवा. फ्लेअरच्या जोडात धातूवर धातू बसतो, तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळणं म्हणजे उलट गळतीला वाट देणं. टेप फक्त निमुळत्या आट्यांवर. दोन पाने धरून आवळा, नाही तर नळी पिळते. आणि गळणारा नट जोर लावून जास्त आवळू नका, फ्लेअरची कड चिरते. भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडी) टाकलं, दर दीड फुटावर क्लिप ठोकली. शेगडीची रबरी नळी स्टीलच्या तारेची, सुरक्षा होज म्हणतात ती, आयएस ९५७३ छापलेली, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांत बदलायची. ती भिंतीतून कधीच न्यायची नाही. बर्नर विझला की गॅस आपोआप तुटणारी शेगडी मिळते, बोटीला तीच घ्या, वाऱ्यानं ज्योत जातेच.

गॅसची गळती सांगणारा अलार्म तळाजवळ लावा, पण तळाच्या पाण्यात भिजणार नाही इतका वर. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद करायचा, ज्योत आपोआप विझू द्यायची, मग नॉब.

पुन्हा पहाटे मापलं, रेघ हलली नाही. पेटीत पाणी ओतलं, सगळं बाहेर पडलं. मी पैसे घेतले, बोट गेली. आठ दिवसांनी मालकाचा फोन: मासा दिसला म्हणून सगळे पाहुणे एका बाजूला सरकले आणि निचऱ्याचं तोंड पाण्यात बुडालं. बरोबर आहे, शेडमध्ये बोटीत बसलं कोण होतं? मी एकटा. आता पेटीचा तळच सहा इंच वर उचलून दिला आहे, आणि सासरकडच्या सगळ्यांना त्याच बाजूला बसवून मालकानं पट्टीनं मोजून घेतलं.