शिक्षेनंतरचा जामीन: कोणत्या न्यायालयात अर्ज करावा?

शिक्षा सुनावली गेली की नातेवाईक त्याच न्यायाधीशांकडे जामिनाची विनंती करू लागतात. पण निकाल दिल्यानंतर खटला चालवणाऱ्या न्यायालयाकडे जामिनाचा फारच थोडा अधिकार उरतो आणि तो नेमका कुठे संपतो हे आधीच माहीत नसेल, तर माणसाला विनाकारण नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात जावे लागते.

हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430(3) मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389(3) मध्ये होता. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा 3 वर्षांपेक्षा जास्त नसेल, किंवा गुन्हा जामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळतो असा) असून आरोपी जामिनावर असेल, तर अपील करण्याचा इरादा दाखवल्यावर, नकार देण्यास खास कारणे नसल्यास, न्यायालयाने त्याला जामिनावर सोडलेच पाहिजे. मात्र ही सवलत अपील दाखल करून वरच्या न्यायालयाचा आदेश मिळवण्यास पुरेल एवढ्याच मुदतीपुरती असते.

म्हणून तयारी निकालाच्या आधी करावी. समजा, चेक बाउन्सच्या खटल्यात सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी 1 वर्षाची कैद सुनावली. त्या वेळी टाइप केलेला अर्ज वकिलांच्या हातात असावा आणि जामीनदार आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा व ऐपतीची कागदपत्रे घेऊन न्यायालयातच हजर असावा. त्याला कामठीहून किंवा हिंगण्याहून फोन करून बोलावण्यात संध्याकाळ होते आणि कोर्ट उठते. हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

अजामीनपात्र गुन्ह्यात शिक्षा 3 वर्षांहून अधिक असेल, किंवा आरोपी खटल्यादरम्यान कोठडीतच असेल, तर खालच्या न्यायालयात वेळ घालवू नये. निकालाची प्रत दोषी व्यक्तीला विनामूल्य मिळते; ती घेऊन अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा (अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून जामिनावर सोडण्याचा) अर्ज दाखल करावा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्धचे अपील साधारणपणे सत्र न्यायालयात 30 दिवसांत, तर सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात 60 दिवसांत करावे लागते. फाशीच्या शिक्षेत मात्र ही मुदत 30 दिवसांचीच असते. गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षांची कैद असेल, तर सोडण्यापूर्वी सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे निर्णयाला वेळ लागतो. ठराविक मुदतीच्या शिक्षेत अपवादात्मक कारण नसेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितले आहे. अर्जात या निर्णयाचा आधार अवश्य घ्यावा.

वरच्या न्यायालयाचा आदेश झाल्यावर जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि जामीनदाराची पडताळणी बहुधा खालच्याच न्यायालयात होते, पण ती केवळ आदेशाची अंमलबजावणी असते. पोलीस ठाण्यातील हजेरीची अट शिथिल करायची असेल, तर अपील न्यायालयातच अर्ज करावा लागतो. खालच्या न्यायालयाने दिलेली तात्पुरती मुदत संपत आली आणि वरून आदेश आला नसेल, तर वकिलांनी मुदतीच्या आतच अपील न्यायालयापुढे तातडीची सुनावणी मागावी, कारण मुदत संपल्यावर अटक होऊ शकते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कैदेत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, शिवाय तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते.