मेमरी कार्डातली अहिराणी गाणी टॅग अन कव्हर टाकून नीट कशी लावायची

श्रावणात कानबाईच्या जागरणाला स्पीकरवर गाणी चालू होती अन मोठी मायनं विचारलं, "हाई गानं कोनं शे रे?" (हे गाणं कोणाचं आहे रे?) मोबाईलमधे बघतो तर आर्टिस्टच्या जागी कुठल्यातरी डाउनलोड साइटचं नाव, अल्बमच्या जागी तेच, कव्हरवर पण त्यांचाच लोगो, अन जी बाई एवढ्या जीवानं गातेय तिचं नाव कुठंच नाही. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरातली सगळी गाणी हातानं लावायला घेतली, ते कसं केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी पूर्ण फोल्डरची कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, ही पायरी सोडू नका, कारण टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) सेव्ह झाला की जुना गेला. मग विंडोजच्या कॉम्प्युटरवर एमपी३टॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर टाका, लिनक्सवाल्यांनी किड३ घ्या, दोन्ही फुकट आहेत. हिंदी-मराठी सिनेमाची गाणी असतील तर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड पण बघा, ते गाण्याच्या आवाजावरून ओळखून नावं भरतं. पण आपल्या कानबाईच्या, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या), हळदीच्या गाण्यांना त्याच्यावर भरवसा ठेवू नका, ती बहुतेक तिथं कोणी टाकलेलीच नाहीत, तिथं हातानंच लिहावं लागतं.

एमपी३टॅगमधे फोल्डर उघडला की आधी सगळ्या फाइली सिलेक्ट करून कमेंटमधली साइटची जाहिरात उडवा. फाइलच्या नावात गायक अन गाणं नीट असेल तर कन्व्हर्ट मेनूतून ते थेट टॅगमधे ओढता येतं, एकेक टाइप करायची गरज नाही. अन बऱ्याच फाइली सिलेक्ट असताना ज्या रकान्यात कीप दिसतं तिथं हात लावू नका, लावला तर सगळ्यांना एकच नाव बसतं, माझी 40 गाणी अशीच एका नावाची झाली होती, कॉपी होती म्हणून वाचलो.

आता कोणतं नाव कुठं, इथंच जास्त गोंधळ होतो. आर्टिस्ट म्हणजे गाणारा, कंपोजर म्हणजे चाल लावणारा, अन लिहिणाऱ्यासाठी लिरिसिस्ट नावाचा वेगळा रकाना असतो, तो समोर दिसत नाही, एक्स्टेंडेड टॅगमधे जाऊन जोडायचा. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांच्या कविता खूप जणांनी गायल्यात अन कार्डात सगळीकडे आर्टिस्ट म्हणून बहिणाबाईच टाकलेलं असतं. त्या 1951 सालीच गेल्या, त्यांचं नाव लिरिसिस्टमधे पाहिजे, अन जिनं गायलं तिचं आर्टिस्टमधे, नाहीतर गाणारीवर अन्याय होतो. वर्ष पण रेकॉर्डिंगचं टाका, कवितेचं नाही. कॅसेटवर वर्ष नसेल तर रकाना मोकळा सोडा, अंदाजे आकडा टाकू नका, पुढं लोक तोच खरा धरतात.

एका कॅसेटवर चार-पाच गाणारे असतील तर अल्बम आर्टिस्टमधे सगळ्या गाण्यांना "विविध गायक" टाका, नाहीतर प्लेअर एका कॅसेटचे पाच तुकडे करून दाखवतो. स्पेलिंग एकच ठेवा. जॉनरमधे कुठं अहिराणी, कुठं ऐराणी, कुठं अहिरानी लिहिलं की तीन वेगळे गट होतात. गाणं कानबाईचं का आखाजीचं का लग्नातलं, ते मी ग्रुपिंगमधे लिहितो.

मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. एमपी३मधल्या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात, त्यातला जुना आयडी३व्ही१ टॅग फाइलच्या शेवटी फक्त 128 बाइटचा असतो, गाण्याच्या नावाला 30 बाइट, त्यात देवनागरीची सोयच नाही. सेटिंगमधे तो लिहिणं बंद करा अन नवा आयडी३व्ही२.३ युटीएफ-१६ (देवनागरी लिहिता येणारी अक्षरांची पद्धत) ठेवा. तरी गाडीच्या टेपवर चौकोन दिसतात, त्या टेपला देवनागरी येतच नाही, त्यासाठी मी वेगळ्या पेनड्राइव्हवर इंग्रजी अक्षरातली कॉपी ठेवलीय.

कव्हरचं बोलायचं तर कॅसेट घरात असेल तर तिच्याच कागदाचा फोटो काढा. दारात दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, नाहीतर चकाकी येते. तो कागद उभा असतो अन कव्हर चौकोनी लागतं, म्हणून कापू नका, कडेच्या पट्टीत गायकाचं नाव जातं, त्यापेक्षा दोन्ही बाजूनं साधा रंग भरून चौकोन करा. 600 बाय 600 पिक्सलची साधी जेपीजी पुरते, मोठी टाकली तर प्रत्येक गाण्याचं वजन तेवढंच वाढतं, अन प्रोग्रेसिव्ह जेपीजी काही टेपवर दिसतच नाही. आतल्या घडीवर वादकांची नावं असतात, त्याचा पण फोटो काढून फोल्डरमधे ठेवा, मी तर ती नावं कमेंटमधे टाइप पण करतो.

कागद हरवला असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. त्या जागरणाच्या गाण्याला मोठी मायनंच दोन दिवसांनी सांगितलं, ही बाई तिच्या माहेरच्या बाजूची, आखाजीला झोक्यावर गायची. पूर्ण नाव तिला आठवत नव्हतं, नुसतं गाव आठवलं. आर्टिस्टमधे मी सध्या ते गाव लिहिलंय, कमेंटमधे "मोठी मायनं सांगितलं" असं टाकलंय, अन दिवाळीला तिकडं जाणार आहे तेव्हा पेनड्राइव्ह सोबत नेतोय.