घरपट्टी वाढून आली? आधी उतारा काढा, मग टेप घ्या

घरपट्टीचं बिल वाढून आलं की आपण पहिल्यांदा नगरसेवकाचं घर गाठतो. तो फोन लावतो, पण बिल तसंच राहतं. कारण त्या बिलात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करयोग्य मूल्यावर, म्हणजे घराच्या वर्षाच्या वाजवी भाड्यावरून काढलेल्या रकमेवर, किती टक्के कर घ्यायचा हे महापालिकेची सभा ठरवते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरायला हवेत. तुमच्या घराचं करयोग्य मूल्य मात्र आयुक्तांच्या अधिकारात ठरतं. दरच जास्त वाटत असेल तर नगरसेवकाला सभेत बोलायला लावा, आणि तेही २० फेब्रुवारीच्या आत. आकारणी चुकली असेल तर लेखी हरकत आपल्यालाच घ्यावी लागते.

सुरुवात उताऱ्यापासून करा. महापालिकेच्या कर विभागात आकारणी उतारा, म्हणजे आपल्या मिळकतीच्या कर-नोंदीची नक्कल, मागा. आपल्या मिळकतीपुरतं आकारणी पुस्तक मालकाला फी न भरता पाहता येतं, हा हक्क आहे. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर काय लिहिलाय ते वहीत उतरवून घ्या.

मग घरी येऊन टेपने मोजा. मोजमाप मीटरमध्ये असतं आणि आपण बोलतो फुटांत, तिथे घोळ होतो. १२ बाय १० ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, त्याला १०.७६ ने भागलं की ११.१५ चौरस मीटर. एकेक खोली अशी लिहून काढा.

हिशेब भाड्यावर चालतो. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. महिना १,००० धरले तर वर्षाचे १२,०००. त्यातून १,२०० गेले की करयोग्य मूल्य १०,८००. इथे भाड्याचा आकडा कुठल्या वापराचा धरलाय, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्या सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, हे फार जपून बघावं. खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी कितीतरी घरं आहेत. माग भंगारात गेले, जमिनीत नुसत्या बोल्टांच्या खुणा राहिल्या, त्या खोलीत आता सून-मुलगा राहतात. पण तसं कळवलंच नसेल, तर नोंदीत तिथे कारखाना राहू शकतो. पाडलेल्या शेडचंही तेच: पाडल्याची खबर लेखी देण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि ती देईपर्यंत कर चालूच राहतो. मागाचं वीजकनेक्शन बंद केल्याचा कागद, आताचं घरगुती बिल आणि खोलीचे फोटो अर्जाला जोडा.

अर्ज एका पानाचा पुरे. मिळकत क्रमांक, नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे आणि काय दुरुस्त करून हवंय, एवढंच लिहा. “कर परवडत नाही” हे खरं असलं तरी हरकतीत त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

मुदत मात्र पाळाच. मूल्य पहिल्यांदा लागलं किंवा वाढवलं तर मालकाला खास नोटीस येते. आमच्या घरी अशीच एक नोटीस वडिलांनी देवघरातल्या फळीवर जपून ठेवली आणि आम्ही ती उघडली तेव्हा तारीख उलटून गेली होती. त्याची हळहळ आजही वाटते. नोटीस आली त्याच दिवशी शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा.

सुनावणीला स्वतः जा, मूळ कागद न्या, आणि जागेवर येऊन फेरमोजणी करा असं लेखी मागा. निकाल पटला नाही तर याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. अपिलाला मुदत १५ दिवसांचीच आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून हरकत चालू असतानाही “हक्क राखून भरणा” असं पत्र देऊन बिल भरत राहा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते.