डीकोडर बसवूनही मॉडेल रेल्वेचं इंजिन गचके देतंय? या चुका टाळा

डीकोडर म्हणजे रुळातून आलेल्या डिजिटल सूचना ओळखून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट. इंजिन कमी वेगात अडखळलं की बहुतेक जण आधी सीव्ही, म्हणजे डीकोडरमधल्या क्रमांक दिलेल्या सेटिंग्ज, बदलायला घेतात. दोष मात्र बऱ्याचदा डीकोडर बसवण्याच्या आधीच्या कामात असतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे डीकोडर लावण्याआधी इंजिन साध्या डीसीवर (एकदिश विजेवर) न तपासणं. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास चालवा, मग व्होल्टेज अगदी कमी करून बघा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ते एकाच जागी अडत असेल, तर गिअरचा दात तुटलाय, त्यात केस अडकलाय किंवा वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन सरकलाय. हा दोष कुठलाच सीव्ही झाकत नाही. घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढा आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्या. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या ज्या फिरत्या भागावर वीज देणारे ब्रश घासतात त्यावर, तेल गेलं, तर मोटर आणखी बिघडते.

जुन्या मोटरच्या टोकांवर रेडिओचा खरखराट रोखणारा छोटा कपॅसिटर असतो. तो तसाच राहतो आणि घात होतो. डीकोडर मोटरला तुकड्यातुकड्यांनी वीज देतो आणि मधल्या क्षणी फिरत्या मोटरने निर्माण केलेलं व्होल्टेज मोजून वेग सांभाळतो. कपॅसिटरमुळे हे मोजमाप चुकतं आणि इंजिन धक्के देतं. तो कापून टाका.

डीकोडरच्या मोटरसाठीच्या नारिंगी आणि करड्या तारा जोडण्याआधी मोटरची दोन्ही टोकं चासी (इंजिनाचा धातूचा सांगाडा) आणि चाकांपासून पूर्ण तुटलेली आहेत ना, हे मल्टिमीटरने बघा. जुन्या मोटरमध्ये एक ब्रश अनेकदा थेट चासीला जोडलेला असतो. तसाच डीकोडर लावला, तर तो जळू शकतो. १२ व्होल्टवर मोटर क्षणभर अडवून करंट मोजा. तो डीकोडरच्या मर्यादेत हवा.

चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन सांध्यावर (गाडी रूळ बदलते त्या जागी) थांबत असेल, तर दोष पिकअपचा, म्हणजे चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्यांचा आहे. संथ इंजिनाला पुढे ढकलायला वेगच उरलेला नसतो. शक्य तेवढ्या चाकांवर पिकअप द्या, चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वीज साठवणारा कपॅसिटर लावायचा तर तो २५ व्होल्टचा घ्या, आणि डीकोडरवर त्यासाठी दिलेल्या जागीच जोडा. रुळाची वीज आणणाऱ्या लाल-काळ्या तारांमध्ये कधीच नको. त्याच्यामुळे प्रोग्रॅमिंग रुळावर (सीव्ही वाचण्या-बदलण्यासाठीचा वेगळा रूळ) सीव्ही वाचता येत नसतील, तर तो तात्पुरता सोडवा.

एवढं झाल्यावर सीव्ही. इंजिन थोडं गरम होऊ द्या. सीव्ही ३ (वेग वाढण्याचा संथपणा) आणि ४ (वेग कमी होण्याचा संथपणा) शून्य करा, नियंत्रकावर वेगाच्या १२८ पायऱ्या निवडा. पहिल्या पायरीवर ठेवून सीव्ही २ (सुरुवातीचं व्होल्टेज) एकेकाने वाढवा. इंजिन जेमतेम सरकायला लागलं की थांबा. सीव्ही ६ (मधला वेग) हा सीव्ही २ आणि सीव्ही ५ (कमाल वेग) यांच्या मध्यापेक्षा थोडा कमी ठेवला, तर खालच्या वेगात बारीक ताबा मिळतो. सीव्ही ६ बदलून काहीच होत नसेल, तर सीव्ही २९ च्या बेरजेत १६ धरलेले आहेत का, म्हणजे वेगाचा तक्ता चालू आहे का, ते बघा. तेव्हा वेग सीव्ही ६७ ते ९४ च्या तक्त्यावर चालतो. शेवटी ३ आणि ४ हवे तेवढे वाढवा. त्यांनी वेग हळूहळू बदलतो, पण गचके जात नाहीत.