बदकाची अंडी घरी कशी उबवावीत आणि आतली वाढ कशी तपासावी

कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत बाहेर येतात. बदकाला 28 दिवस लागतात, मस्कोव्ही जातीला तर 35. तापमान आजकालची उबवणी यंत्रं बऱ्यापैकी सांभाळतात. घोळ होतो तो ओलाव्यात. आणि तो ओळखायचा तर ओलावा मोजणाऱ्या मीटरपेक्षा अंड्यावर विश्वास ठेवावा.

अंडी निवडताना

बदकं बहुतेक पहाटे अंडी घालतात, म्हणून त्यांना आठ-नऊपर्यंत कोंडूनच ठेवा. नाहीतर अंडी चिखलात सापडतात. चिखल लागलेलं अंडं धुऊ नका, पाण्याबरोबर जंतू कवचाच्या छिद्रांतून आत शिरतात. बाजारातली खायची अंडी बहुधा नराशिवायची असतात, ती घेऊन उपयोग नाही. सात दिवसांच्या आतली अंडी घ्या आणि निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा. फ्रिज नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दोन दिवसांहून जास्त साठवूच नका.

यंत्र लावताना

अंडी ठेवण्याआधी यंत्र एक दिवस रिकामं चालवून बघा. पंख्याच्या यंत्रात 37.5 अंश. बिनपंख्याच्या यंत्रात अंड्याच्या माथ्याशी मोजून साधारण 38.3 अंश. ओलावा 55 टक्क्यांच्या आसपास.

स्वस्त मीटर बिनदिक्कत खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरवर 75 दिसायला हवं. फरक असेल तेवढा पुढे हिशेबात धरा.

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. आकडा विषम असला की रात्रीचा लांब मुक्काम रोज त्याच बाजूवर होत नाही. दहाव्या दिवसानंतर बरेच पाळणारे रोज एकदा दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. बदकीण चरायला उठते आणि ओल्या पिसांनी परत बसते, त्याचीच ही नक्कल.

वीज गेली तर झाकण उघडून बघत बसू नका. यंत्रावर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. तास-दोन तासांनी सहसा बिघडत नाही.

उजेडात बघताना

अंधारी खोली आणि मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. पुठ्ठ्याला अंड्याच्या जाड टोकाहून लहान भोक पाडा, खालून टॉर्च लावा आणि जाड टोक त्यावर टेकवा.

सातव्या दिवशी लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला की जीव धरला. आतून सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं फळलेलं नाही. शिरांऐवजी नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेला. शंका असेल तर खूण करून तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. वास येणारं अंडं मात्र लगेच बाहेर. आत फुटलं तर बाकीचीही नासतात.

चौदाव्या दिवशी काळोख वाढलेला असतो. तेव्हा लक्ष द्यायचं जाड टोकाच्या हवेच्या पोकळीकडे. प्रत्येक तपासणीत तिची कड पेन्सिलीने आखा. ती हळूहळू मोठी व्हायला हवी. फारशी वाढत नसेल तर ओलावा जास्त आहे, यंत्रात ओलाव्यासाठी ठेवलेली पाण्याची वाटी लहान करा. कोकणातल्या पावसाळ्यात काही दिवस ती काढूनच ठेवावी लागते. पोकळी भराभर वाढत असेल तर पाणी वाढवा. काटा असेल तर वजन करा: कवच फुटेपर्यंत सुरुवातीच्या वजनातलं साधारण 13-14 टक्के कमी व्हायला हवं.

यंत्र नसेल तर खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली कोंबडी चालते. बदकाची सहा-सात अंडीच ठेवा. ही जड अंडी तिला नीट फिरवता येत नाहीत, ती आपण फिरवावी आणि अधूनमधून कोमट पाणी शिंपडावं.

शेवटचे तीन दिवस

पंचविसाव्या दिवशी अखेरचं बघून घ्या. पोकळी तिरकी झालेली असते आणि बाकी अंडं काळंभोर. फिरवणं थांबवा, ओलावा 65-75 टक्क्यांवर न्या, झाकण बंद. पहिला टवका उडाल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि शिरांतलं रक्तही आटत असतं. कवच सोलायला गेलात तर रक्तस्राव होतो. बाहेर आलेलं पिल्लू पूर्ण कोरडं होईपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातल्या बलकावर त्याचा पहिला दिवस निघतो, खाण्यापाण्याची घाई नाही.