आधी ताट मांडा, मग टेबल सजवा : वर्षभराच्या सणांसाठी

कोल्हापुरातल्या आमच्या घरात सणाचं जेवण पाटावरून टेबलावर आलं, तेव्हा सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती महिरपीची. पाटाभोवती रांगोळी, समोर समई, केळ्यात खोचलेली उदबत्ती, ही सगळी पंगतीची शोभा. पाच बाय तीन फुटांच्या टेबलावर ती काही बसेना. सुरुवातीची एकदोन वर्षं मी मधोमध मोठी फुलदाणी ठेवली. कटाची आमटी वाढायला गेलं की कोपर त्या फुलांना लागायचं, आणि समोर बसलेल्या आत्याबाईंचं तोंडच दिसायचं नाही. तेव्हापासून एकच नियम पाळते : आधी रिकामी ताटं मांडून बघायची, उरलेल्या जागेतच सजावट करायची.

जागा मोजून घ्या

सणाच्या आदल्या रात्री ताट, वाट्या आणि पाण्याचं भांडं प्रत्येकाच्या जागेवर मांडा. एका माणसाला मोकळेपणी जेवायला टेबलाची दोन फूट कड लागते. म्हणजे पाच फुटांच्या बाजूला दोघंच बसवा. तिसरा बसला की कोपराला कोपर लागतं.

आता रुंदीचा हिशोब. टेबल तीन फूट, म्हणजे 36 इंच. तेरा इंची दोन ताटं समोरासमोर ठेवली आणि कडेला एकेक इंच सोडला की 28 इंच गेले. मधे उरले 8. त्यातही ताटाच्या कडेला बोटं फिरायला जागा हवी, म्हणून सजावटीची पट्टी 5 ते 6 इंचांपलीकडे नेऊ नका. दोन्ही टोकांनाही माणसं बसणार असतील तर तिची लांबी अडीच फूट भरते. एवढी जागा पुरते, अगदी छान पुरते.

उंची वीतभर ठेवा. खुर्चीत बसून हनुवटीच्या खाली राहील तेच टेबलावर, बाकीचं खिडकीत किंवा दारात. आणि पातेली, भाताचं भांडं, पोळ्यांचा डबा टेबलावर आणूच नका. शेजारी एखादं स्टूल ठेवून तिथून वाढा. वाढणारा माणूस फिरत असला की जेवणाला पंगतीची लय येते.

ताट हीच पहिली सजावट

आपल्याकडे वाढण्याची जी रीत आहे, ती मुळात रंगांची मांडणी आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर भाताची मूद, वर पिवळं वरण आणि तूप. डावीकडचे पदार्थ थोडे घ्यायचे, उजवीकडचे भरपूर, म्हणून हाताला सोयीचं ते उजवीकडे. ही रीत पाळली की सहाच्या सहा ताटं सारखी दिसतात आणि टेबल निम्मं सजून तयार होतं.

केळीचं पान वापरणार असाल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्या. पान कपिलतीर्थ मार्केटमधून आणलं की आधी ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा, मग गॅसच्या मंद आचेवरून झरकन फिरवा. रंग जरा गडद होतो, पान मऊ पडतं आणि दुमडताना चिरत नाही. टेबलावर पान घसरतं, म्हणून ते ताटातच बसेल अशा मापाने कापते मी.

महिरप टेबलावरही काढता येते, पण पांढरी रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. पंख्याच्या वाऱ्याने ती ताटात जाते. टेबलावर तांदळाचं पीठ घ्या, पंखा बंद करा आणि पाहुणे हात धुवायला उठले की मग चिमटीने चार ठिपके, दोन वेली, एवढंच काढा. गुलाल नको. हळद-कुंकवाचं बोट ठिपक्यांच्या मधे चालतं, पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर हळदीचा डाग राहतो हे लक्षात असू द्या.

फुलं

फुलं निवडताना दोन गोष्टी बघायच्या, वास आणि चीक. एका गुढीपाडव्याला मी मोगऱ्याचे गजरे ताटांच्या मधोमध ठेवले होते. सासऱ्यांनी श्रीखंडाचा घास घेतला आणि विचारलं, "वेलदोडा विसरला काय गं?" वेलदोडा चांगला कुटून घातला होता, पण मोगऱ्याच्या वासापुढे त्याचा काही पत्ताच लागला नाही. तेव्हापासून मोगरा, निशिगंध, सोनचाफा दाराशी किंवा देवघरात. टेबलावर झेंडू, शेवंती, जास्वंद. उदबत्तीही जेवण सुरू व्हायच्या आधी लावून विझू द्यावी.

कण्हेर मात्र टेबलावर कधीच नको, लाल नाही आणि पिवळी बिट्टीही नाही. दोन्ही विषारी आहेत. रुईचा चीकही अन्नाजवळ नको. देवाला वाहिलेली फुलं मुलं उचलून ताटाशी आणतात, तेवढं बघावं.

अंबाबाईच्या देवळाजवळच्या फुलवाल्या मावशींनी मला शिकवलेली गोष्ट सांगते. मी आदल्या दिवशी पूर्ण उमललेला झेंडू मागत होते. त्या म्हणाल्या, "उद्याच्याला पाहिजे तर अर्धं मिटलेलं न्या, आणि पाणी मारू नका, कुजतंय." खरं आहे. झेंडू कोरड्या कागदात, शेवंती मात्र देठ पाण्यात. सकाळी फुलं वर्तमानपत्रावर झटकून अर्धा तास पसरून ठेवायची. त्यातल्या मुंग्या आणि बारके किडे निघून जातात. नाहीतर ते नेमके भाताच्या मुदीवर चालताना दिसतात.

गौरीचं टेबल

वर्षभरात मला सगळ्यात आवडतं ते गौरीचं टेबल, कारण त्या दिवसांत कोल्हापुरात बाजारातच सजावट पसरलेली असते. पंचगंगेवरून तेरड्याच्या डहाळ्या घेऊन येणाऱ्या बायका, गंगावेशीपर्यंत पोचलेला तो जांभळा-गुलाबी रंग. गौरीसाठी तेरडा आणताना दोन जुड्या जास्त आणा.

पहिल्या संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. त्या जेवणाला टेबलक्लॉथ काढून ठेवा. उघड्या लाकडावर मधे एक लांबट सूप ठेवा, त्यात काकडी, दोडका, भेंडी, पडवळ अशी पावसाळी भाजी आणि बाजूने तेरड्याची फुलं. भाकरी बांबूच्या टोपलीत फडक्यात गुंडाळून. फुलांची दुसरी काही गरज नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. त्या दिवशी पितळी भांडी काढा. चिंच आणि मिठाने घासून, कोरड्या फडक्याने लगेच पुसली की लख्ख होतात. पण पितळेत कोशिंबीर, ताक, चिंचेची आमटी वाढू नका, कल्हई असेल तरच चालेल. आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतात. मी दूध-तूप पितळी वाटीत देते आणि कट स्टीलच्या वाटीत. मधल्या पट्टीवर एका पितळी घंगाळात पाणी, त्यात तेरडा आणि शेवंतीची सुटी फुलं. पाणी अर्धंच भरा, वाढताना टेबल हललं तरी सांडत नाही.

दसरा, कोजागिरी, दिवाळी

दसऱ्याला झेंडूचं तोरण दाराला, टेबलावर फक्त पाकळ्या. सोनं म्हणून आपट्याचं एकेक पान प्रत्येक ताटाच्या डावीकडे ठेवते. जेवून झाल्यावर तेच पान हातात घेऊन मोठ्यांच्या पाया पडायचं, आणि मग दसरा चौकात सोनं लुटायला जायचं. बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्याही विकायला येतात. फांद्या नकोतच, माणशी एक पान बास झालं.

कोजागिरीला सजावट म्हणजे दिवे बंद करणं. गच्चीवर सतरंजी, मसाला दुधाचं पातेलं आणि पांढऱ्या वाट्या. चांदणं सगळं करतं.

दिवाळीत मात्र आगीचं भान हवं. नव्या पणत्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून आणल्या की रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी उलट्या घालून वाळवा. कोरडी माती तेल पिते, भिजवलेली कमी पिते. टेबलावर पणती ठेवायची तर परातीत तांदूळ पसरून त्यात रोवा, म्हणजे कलंडत नाही. परात मधल्या पट्टीतच हवी, नाहीतर फराळाच्या ताटाकडे हात पुढे जातो तो सरळ पणतीवरून. साडीचा पदर आणि मुलांच्या बाह्या या दोन गोष्टींसाठी दिवे टेबलाच्या कडेपासून दीड वीत आत ठेवते. लहान मुलं फार असतील तर पणत्या खिडकीत, टेबलावर फक्त फराळ. चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा हे पसरट थाळीत भरा, ढीग करू नका. ढिगातली करंजी तुटते.

जेव्हा काहीच मांडायचं नसतं

धुळवडीला आमच्याकडे मटण असतं. तांबडा आणि पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो, म्हणून त्या दिवशी मधली पट्टी पूर्ण मोकळी. रंग वाट्यांतून आणते. पांढरा रस्सा काळसर मातीच्या वाटीत, तांबडा पांढऱ्या वाटीत, जवळ कांदा-लिंबाची एक थाळी. हात पुसायला प्रत्येकाला लिंबू पिळलेल्या कोमट पाण्याचं भांडं आणि सुती रुमाल. फुलं ठेवली तर तुपा-तेलाचे शिंतोडे बसून ती दीनवाणी दिसतात.

उरलेले सण थोडक्यात

संक्रांतीला टेबलावर काळं कापड अंथरा. एरवी शुभकार्यात न वापरला जाणारा रंग त्या दिवशी हक्काने वापरता येतो, आणि त्यावर हलव्याचे दाणे, तीळ, पांढरी वाटी फार सुरेख दिसतात. सुगडं दोन जास्त आणा. पूजेची पूजेला, बाकीच्यांत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची पेरं घालून टेबलावर. त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, गुळाची ताजी ढेपही शोभते.

गुढीपाडव्याला आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, आणि साखरेच्या गाठी. गाठी ओलसर हवेत पाझरतात, पानावर ठेवा. पुढे चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेवरून कोणी दवणा आणला तर त्याची एक काडी पाण्याच्या भांड्याशेजारी. एवढ्याशा काडीचा वास जेवणाला नडत नाही. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, मातीचे बैल पूजेनंतर टेबलाच्या मधल्या पट्टीवर ओळीने ठेवते, पायाशी जोंधळ्याचे दाणे.

ईदला शेजारून शिरखुर्मा येतो, नाताळला केक. त्यांच्या वाट्या-ताटल्या रिकाम्या परत देऊ नयेत. आपल्या फराळाचं काही घालून, वर एक फूल ठेवून पाठवा.

आवरताना

तांदळाच्या पिठाची महिरप ओल्या फडक्याने पुसू नका, त्याची लापशी होते. आधी कोरड्या कुंच्याने गोळा करून चिमण्यांना टाका, मग पुसा. फुलं कुंडीच्या मातीत. पितळी भांडी धुऊन लगेच कोरडी केली नाहीत तर सकाळी त्यांच्यावर पाण्याचे डाग दिसतात, आणि ते निघायला पुन्हा चिंच लागते.